बाटली की गोळी

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं पुढंमागं झालंय, पण बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायांनो,

मला कविता वाचायला बोलावलंय हे मला ठाऊक आहे. कविता खिशात आहे, ती पुढच्या अंकात छापा. आज मी हिमोग्लोबिनवर बोलणार. हसू नका. मी डॉक्टर नाही, मॅट्रिक आहे, गोदीत कंत्राटी पाळीवर माल उतरवतो. पण वाचता येतं, विचारता येतं. जे वाचलं आणि दोन जाणत्या डॉक्टरांना विचारून पक्कं केलं, तेवढंच बोलतो.

१४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिर घेतो. ६ डिसेंबरला घेतो. फोटो निघतो, किती बाटल्या जमल्या त्याचा आकडा फलकावर लागतो. परत पाठवलेल्यांचा आकडा कुठल्याच फलकावर नसतो. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं आणि वजन निदान ४५ किलो. आपल्या पोरी नटूनथटून रांगेत उभ्या राहतात, बोट टोचून घेतात, आणि टेबलावरूनच परत फिरतात. "तुझंच कमी आहे गं, तू काय देणार?" पोरगी ओशाळून हसते, बिस्किटाचा पुडा घेते, जाते. तिच्या हातात गोळी नाही, चिठ्ठी नाही, कुठं जायचं त्याचा पत्ता नाही. सावकाराच्या दारात खातं रिकामं निघालं म्हणून हाकलावं तसं. ज्या बोटातून आपण रोग शोधून काढला त्या बोटाला कापूस लावून आपण मोकळे.

आता आकडा ऐका. सरकारचाच आहे, माझा नाही. २०१९ ते २१ या काळातला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा फेरा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्के बायांना ॲनिमिया. महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या वर. पाच वर्षांखालची पोरं देशात ६७ टक्के. पुरुष पंचवीस. आणि या बायांमध्ये सगळ्यात जास्त कोण? अनुसूचित जमातीच्या बाया. त्यांच्या खालोखाल अनुसूचित जातीच्या. सगळ्यांचं रक्त लाल, असं व्यासपीठावरून बोलणारे पुढारी मी लई ऐकलेत. लाल असेल. पण सगळ्यांचं सारखं लाल नाय, हे सरकारनं मोजून ठेवलंय.

ॲनिमिया म्हणजे काय ते एका दमात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. ते छातीतली हवा धरून अंगभर पोचवतं. आपल्याच भाषेत सांगायचं तर ते हमाल आहेत. हमाल कमी पडले की माल धक्क्यावर पडून राहतो. मग जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, डोकं जड होतं, काम करावंसं वाटत नाही. आणि घरचे बोलतात, "आळशी झाली." बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली, पुरुषाचं तेराच्या खाली, गरोदर बाईचं साधारण अकराच्या खाली, की ॲनिमिया. सातच्या खाली म्हणजे भारी.

हिमोग्लोबिन बनायला लोखंड लागतं. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात लोखंड किती असतं माहीत आहे? तीन-चार ग्रॅम. एखाद-दुसरा खिळा. इंदिरा डॉकला आम्ही पोलादाच्या कॉइली उतरवताना बघतो, एकेक कॉइल टनांच्या हिशोबात. देशात लोखंडाला तोटा नाही. आमच्या बाईच्या अंगात एक खिळा पुरा होत नाही, ही गोष्ट आहे.

लोखंड कमी झालं की ते भरायचे रस्ते तीन. गोळी. शिरेतून लोखंडाचं इंजेक्शन. आणि रक्ताची बाटली. आज खरं भांडण आहे ते यातलं कुठलं, कधी आणि कुणाला, याचं. कारण आपल्या वस्तीत एक खुळं पसरलंय. बाटली म्हणजे खरं औषध, गोळी म्हणजे सरकारी टाळाटाळ. अशक्तपणा वाटला की नाक्यावरच्या डॉक्टरकडं जाऊन "सलाईन लावा" म्हणायचं. त्या सलाईनमध्ये मीठपाणी असतं, नाहीतर साखरपाणी. लोखंड एक कण नसतं. लाल-पिवळं इंजेक्शन मारलं की बाटलीला रंग येतो आणि माणसाला बरं वाटतं. तीनशे-पाचशे रुपये रंगाचे गेले. आणि रक्ताची बाटली तर काय, मोठ्या घरच्यासारखा इलाज झाला असं वाटतं.

आमच्या गल्लीतली एक बाई. नाव सांगत नाही. चार घरची धुणीभांडी करते. चक्कर आली म्हणून नवऱ्यानं जवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये नेली. रिक्षासुद्धा केली नाही, चालत गेली बाई. हिमोग्लोबिन निघालं साडेसहा. डॉक्टर बोलला, आजच्या आज दोन बाटल्या. नवऱ्यानं शेकडा दहाच्या व्याजानं पैसे उचलले. रक्तपेढीनं बदली रक्त मागितलं, तर आमच्या गँगमधले दोघं पाळी बुडवून देऊन आले. बाटल्या चढल्या. बाईच्या ओठाला रंग आला. तिसऱ्या दिवशी घरी. कागदावर एक टॉनिक लिहिलेलं, बस्स.

चार महिन्यांनी परत सात.

कसं झालं? तिच्या अंगावरून दर महिन्याला दहा-बारा दिवस जात होतं. हे तिला कोणी विचारलंच नाही. तिनं सांगितलं नाही, कारण डॉक्टर पुरुष, आणि नवरा बाजूला उभा. मग आमच्यातल्या एका पोरीनं तिला धरून महापालिकेच्या इस्पितळात नेलं, बाई डॉक्टरपुढं बसवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. रक्त जाणं कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या, शिरेतून लोखंडाची इंजेक्शनं झाली, त्यावर तीन महिने लोखंडाच्या गोळ्या. आज तिचं अकराच्या वर आहे. व्याज मात्र अजून चालू आहे.

साडेसहाला बाटली लावायचीच नसते, असं मी म्हणत नाही. तसा नियम नाही. बाईला बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, हृदय थकलेलं असेल, तर लावायलाच पायजे. पण जी बाई पायानं चालत आली, जिचं रक्त वर्षा-दोन वर्षांत हळूहळू उतरलंय, तिच्या बाबतीत डॉक्टरनं दहा मिनिटं विचार करावा, एवढं मागणं रास्त आहे. आणि बाटली लावलीच, तरी मडक्याला भोक कुठं आहे ते बघायचं की नाही? पाणी ओतून माणूस निघून गेला. भोक तसंच.

जुन्या काळी डॉक्टर लोकांत एक शिरस्ता होता. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रक्त लावा. कित्येक वर्षं तो कोणी तपासून बघितला नाही. कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रोग्यांवर तपासून बघितला, १९९९ साली तो अभ्यास छापून आला. अर्ध्यांना दहाच्या खाली गेल्यावर रक्त, अर्ध्यांना सातच्या खाली गेल्यावरच. ज्यांना हात राखून रक्त दिलं त्यांचं काही वाईट झालं नाही. तेव्हापासून स्थिर असलेल्या रोग्याला सात ही रेघ मानतात, हृदयरोग्याला थोडी वर, आठच्या आसपास. आता विचार करा, अतिदक्षतेतला माणूस सातवर तग धरतो, आणि आपल्याकडं नऊ हिमोग्लोबिनवाल्या बाईला "ताकद येईल" म्हणून बाटली लावणारे आहेत.

एक बाटली लाल पेशी दिल्या की हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढतं. फक्त एकानं. म्हणून शहाणा डॉक्टर एक लावतो, तपासतो, मग दुसरीचं बघतो. त्या बाटलीत लोखंड असतं दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम. तेवढं लोखंड साधारण महिनाभराच्या गोळ्यांतून अंगात जातं. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट, बाहेर घेतली तर चहापेक्षा स्वस्त. फरक काय? बाटली आजच्या आज भरते. गोळीला महिने लागतात. म्हणून ज्याला आज मरणाची भीती आहे त्याला बाटली, आणि ज्याच्याकडं महिना आहे त्याला गोळी. बाळंतपणात भळाभळा रक्त जातंय, धक्क्यावर क्रेनखाली माणूस आलाय, ऑपरेशन चालू आहे, तिथं कोणी गोळीचं कौतुक सांगू लागला तर त्याला बाहेर काढा.

बाटलीतलं धोक्याचंही सांगतो. घाबरवायला नाही, ठाऊक असावं म्हणून. आपल्या देशात दर बाटली एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्यासाठी तपासावी लागते, कायदाच आहे. तरी नुकता लागण झालेला माणूस चाचणीत निसटू शकतो. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर माणूस जातो, आणि ती चूक बहुतेक वेळा कागदाची असते, नावाची, चिठ्ठीची. म्हणून बाटली लावताना नातेवाइकानं नाव आणि गट मोठ्यानं वाचून घ्यावा, लाजू नये. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. ज्याचं रक्त महिनोन् महिने कमी आहे त्याच्या अंगात पाणी कमी नसतं, फक्त पेशी कमी असतात. त्याचं हृदय आधीच दुप्पट राबत असतं. त्याला भराभर बाटल्या चढवल्या की छातीत पाणी भरतं. म्हणजे सगळ्यात अशक्त माणसालाच बाटली सगळ्यात सावकाश लावायची असते. "लवकर लावा, लवकर लावा" म्हणून नर्सच्या अंगावर धावून जाणारे आपले कार्यकर्ते मी पाहिलेत. प्रेमापोटीच धावतात. पण धावू नका.

आता थोडं परळचं. सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ही गोष्ट आपल्याच मुंबईची आहे आणि आपल्याच शाळेत कोणी शिकवली नाही.

१९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिनमध्ये तिचं काम चाललं. तिच्यापुढं प्रश्न होता गिरणीतल्या गरोदर बायांचा. पोट वाढत जाई तसं रक्त उतरत जाई, चेहरे पांढरेफटक, आणि कितीक मरत. तिनं आधी जंतू शोधले. सापडले नाहीत. मग तिनं जे केलं ते मला आवडतं. ती बायांच्या ताटात काय आहे ते बघायला लागली. कुठल्या जातीधर्माची, कुठल्या कमाईची बाई काय खाते. तर गरिबांच्या, त्यातही गरीब मुसलमान बायांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध नसल्यातच जमा. मग उंदरांवर, माकडांवर प्रयोग. आणि औषध सापडलं ते कशात? मार्माइटमध्ये. इंग्लंडात बियरच्या भट्टीत जो यीस्टचा गाळ उरतो त्यापासून बनवलेली एक काळी चिकट चटणी. गोरे लोक पावाला लावून खातात. त्या काळात ॲनिमियाला काळजाचा अर्क देत, तो महाग. मार्माइट स्वस्त. १९३१ साली तिनं लिहून जाहीर केलं की यानं बाया बऱ्या होतात.

त्या चटणीत काय होतं ते तिलाही तेव्हा कळलं नव्हतं. लोक त्याला विल्सचा घटक म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं, आणि पानावरूनच नाव पडलं, फॉलिक ॲसिड. १९४५ साली ते कारखान्यात बनवून दाखवलं अमेरिकेतल्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी, त्यांच्या कामाचा प्रमुख होता आंध्रचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आपली गरोदर बाई जी लाल गोळी घेते त्यात ६० मिलिग्रॅम लोखंड आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. यातलं दुसरं परळच्या गिरणीकामगार बायांच्या अंगावर सापडलं. जगभरच्या गरोदर बाया आज ते गिळतात. लूसी विल्सचं नाव पुस्तकात आहे, असावंच. त्या बायांची नावं कुठंच नाहीत. ज्यांच्या रक्ताचे थेंब मोजून जगाला औषध मिळालं त्या कुठल्या चाळीत राहत होत्या, जगल्या की मेल्या, काही पत्ता नाही.

मधेच ती मद्रासला गेली होती, १९३१ मध्ये. तिथल्या ज्या इस्पितळात काम केलं त्याचं नाव कास्ट अँड गोशा हॉस्पिटल. म्हणजे जातवाल्या हिंदू बायांसाठी आणि पडद्यातल्या मुसलमान बायांसाठी वेगळं इस्पितळ. पाटीवरच लिहिलेलं. माझं त्यावर काही म्हणणं नाही. फक्त ऐकवलं.

आता गोळीकडं येतो. गोळी फुकट आहे तर ॲनिमिया जात का नाही? कारण गोळी पोटात जात नाही. आपल्या पत्र्याच्या घरात फळीवरच्या डब्यात बघा, गोळ्यांची पाकिटं तशीच्या तशी पडलेली सापडतील. बाया सांगतात, गोळ्या गरम पडतात. मळमळतं. पोट बांधून येतं. संडासला काळं होतं, भीती वाटते. आणि सासवा सांगतात की या गोळ्यांनी मूल काळं होतं. मूल काळं होत नाही. आणि झालं तर काय बिघडलं, साल्यांनो? आपण काय गोरे आहोत? काळं होतं ते शी, कारण न पचलेलं लोखंड बाहेर पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मळमळ खरी आहे. तिला खोटं म्हणू नका. "घ्यायचीच" म्हणून दटावून जाणाऱ्या ताईपेक्षा, "रात्री जेवून झोपताना घेऊन बघ" म्हणणारी ताई जास्त गोळ्या पोटात घालते. उपाशीपोटी जास्त लागू पडते, पण मळमळ होऊन गोळी बंद करण्यापेक्षा जेवून घेतलेली बरी. चहाबरोबर कधी घ्यायची नाही. चहा लोखंडाला धरून ठेवतो, अंगात जाऊ देत नाही. तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा असेल तर उत्तम. आणि अलीकडं स्वित्झर्लंडात तपासून बघितलंय, २०१७ साली छापून आलं, की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोखंड जास्त लागू पडतं, कारण रोज घेतली की यकृत दुसऱ्या दिवशी दार लावून घेतं. ज्यांना रोजची सोसत नाही त्यांनी हे डॉक्टरला विचारावं. गरोदर बाईला मात्र रोजचीच सांगतात, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर परत १८०. ॲनिमिया असेल तर रोज दोन. महिन्याभरात एकानंही वाढलं नाही तर पुढच्या इस्पितळात. पाच ते सातच्या मधे असेल तर शिरेतून लोखंड, दिवस भरत आले असतील तर भरती. पाचच्या खाली असेल तर कितवाही महिना असो, त्याच दिवशी भरती, आणि बाटली. हे सगळं २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या कागदात लिहिलेलं आहे. म्हणजे आपण काही भीक मागत नाही. कागद दाखवून मागतो.

हिमोग्लोबिन बारा झालं की बाया गोळी बंद करतात. इथं घात होतो. रक्त भरलं, पण कोठार रिकामंच. त्यानंतर तीन महिने अजून घ्यायची, मग कोठार भरतं.

गोळी सोसतच नाही, किंवा दिवस थोडे उरलेत, तिथं शिरेतून इंजेक्शन. जुन्या लोखंडी इंजेक्शनांनी माणसं दगावल्याच्या गोष्टी आहेत, म्हणून लोक भितात. आता आयर्न सुक्रोज आहे, एका वेळी दोनशे मिलिग्रॅम, एक दिवसाआड. दुसरं एक आहे, फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, ते एका बैठकीत हजार मिलिग्रॅम जातं. म्हणजे चार बाटल्या रक्तातलं लोखंड, रक्ताशिवाय. पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बाईला देत नाहीत, आणि इस्पितळातच घ्यायचं, नाक्यावर नाही. आपल्या लोकांना बाटली आणि गोळी दोनच ठाऊक, मधला हा रस्ता कोणी सांगत नाही.

पोरांनो, तुम्ही आता निवांत बसलात. बायांचं चाललंय म्हणून. तुमचं सांगतो. पुरुषाला पाळी येत नाही, बाळंतपण नाही. तेव्हा पुरुषाच्या अंगातलं रक्त कमी झालं तर ते कुठून तरी जातंय, हे आधी धरायचं. मुळव्याध लाजेनं लपवलेली असते. जंत असतात. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यातून हुकवर्म शिरतो आणि आतड्याला हुक मारून रक्त पितो. आम्ही गोदीवाले हुकवाले, पण हा आमच्यापेक्षा बेरकी. त्याला अल्बेंडाझोलची गोळी. आणि तिसरं कारण आमच्या धंद्यातलं. पाठ धरते, गुडघा धरतो, दुसऱ्या दिवशी पाळी चुकवायची नसते. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, दोन-दोन, उपाशीपोटी, वर्षानुवर्षं, वर संध्याकाळी क्वार्टर. त्यानं पोटात जखम होते आणि रक्त आतल्या आत जातं. लोखंडाची गोळी घेत नसताना शी डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली, तर तो रक्ताचा रंग आहे. त्याच दिवशी इस्पितळ. मुकादम खाडा मांडेल, मांडू दे.

खाण्याचं बोलायला गेलं की आपल्याला पालक-बीट सांगतात. खा, चांगलं आहे. पण भाजीतलं लोखंड अंगाला थोडंच लागतं, मटणातलं त्याच्या कितीतरी पट लागतं. कलेजी, रक्ती, वजडी, हे आपल्या आज्यांचं खाणं होतं. इतरांनी नाक धरलं म्हणून आपल्यातल्या शिकलेल्यांनीही ते सोडलं. बी-१२ तर झाडपाल्यात नसतंच, आणि त्याच्या कमतरतेनंही ॲनिमिया होतो, त्याला लोखंडाची गोळी काही करत नाही. २०१५ सालापासून महाराष्ट्रात बैलाचं मांसही बंद आहे. गरिबाच्या ताटातला सगळ्यात स्वस्त लोखंडाचा तुकडा उचलून नेला, आणि मग शाळेत आठवड्याला एक निळी गोळी दिली. गोळी घ्याच. पण तुकड्याचा हिशोबही लिहून ठेवा.

रक्त विकण्याचं एक सांगून पुढं जातो. आपल्या बापांच्या पिढीत बेकार माणूस रक्तपेढीच्या दारात उभा राहायचा. एक बाटली दिली की त्या रात्रीची चूल पेटायची. ज्याच्या अंगात रक्त नाही तोच रक्त विकायचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. चांगलं झालं. रक्ताची किंमत घेता येत नाही, फक्त तपासणी-साठवणीचा खर्च घेता येतो, हे २०२४ च्या जानेवारीत औषध नियंत्रकांनी परत बजावलं. तेव्हा "रक्ताचे एवढे हजार" असं कोणी बोललं तर पावती मागा, आणि पावतीवर कशाचे ते वाचा.

शेवटचं. इथं बसलेल्यांत पुष्कळांची घरं मूळची विदर्भातली आहेत. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. तुमच्यासाठी हे वेगळं आहे, नीट ऐका. लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, तो सिकलसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली तो आपल्या लोकांत दाखवून दिला. आदिवासींत आहे, महारांत आहे. हातपाय, छाती, हाडं ठणकून पोर रात्र रात्र रडतं, आणि लोक म्हणतात बाहेरची बाधा. या ॲनिमियाला लोखंडाची गोळी डोळे झाकून द्यायची नाही, लोखंड कमी आहे हे तपासूनच द्यायची. याला हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे, रोज घ्यायचं, त्यानं दुखण्याचे झटके कमी होतात आणि बाटल्याही कमी लागतात. काहींना बाटली लागतेच, थॅलेसेमियाच्या पोरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी, जन्मभर. त्यांना सरकारी रक्तपेढीतून रक्त फुकट मिळायला पायजे, तसा हुकूम आहे. आणि त्यांचा त्रास उलटा. दर बाटलीबरोबर लोखंड साठत जातं, अंगाला ते बाहेर टाकता येत नाही, यकृतात आणि हृदयात बसतं. मग लोखंड काढायची गोळी घ्यावी लागते. या गल्लीत लोखंड नाही म्हणून बाई मरते, पलीकडच्या गल्लीत लोखंड जास्त झालं म्हणून पोर.

आईबाप दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक पोर सिकलसेलचं निघायचा धोका असतो. वाहकाला स्वतःला बहुतेक काही होत नाही, म्हणून त्याला पत्ताच नसतो. चाचणी रक्ताच्या थेंबावर होते. सरकारनं २०२३ च्या जुलैत त्यासाठी देशभर मोहीम काढली आहे. लग्नाची बोलणी चाललेल्या पोरापोरींनी पत्रिका बघायची नसते हे आपल्याला सांगावं लागत नाही. ही चाचणी बघा.

मी सभा संपल्यावर जिन्याखाली उभा आहे, वही घेऊन. ज्यांच्या घरात असं दुखणारं पोर आहे त्यांनी येऊन गावाचं नाव आणि पोराचं वय सांगा, पोराचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. सोमवारी माझी दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी आहे. पहिल्या चौघांना घेऊन मी इस्पितळात जातो. बाकीच्यांना कोण नेणार ते आत्ताच हात वर करून सांगा.